घमेल्यातलं पाणी मुलांच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला आता बालवाड्यांमध्येही प्रयोग होतात. टेबलावर मातीचा डोंगर, त्यात खायचा सोडा, वरून व्हिनेगर. फेस उसळतो, मुलं टाळ्या वाजवतात. बाईंची तळमळ खरी असते, पण हा प्रयोग मुलांनी केलेला नसतो, लांबून पाहिलेला असतो. चार वर्षांच्या मुलाला त्यात अंदाज बांधता येत नाही, काही बदलून बघता येत नाही, आणि 'पुन्हा' म्हणेपर्यंत सोडा संपलेला असतो. या वयाला विज्ञान द्यायचं तर वस्तू मुलाच्या हातात गेली पाहिजे आणि तीच कृती दहा वेळा करायची मुभा त्याला मिळाली पाहिजे.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं मानून बालवाड्या चालवल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकण्यावर भर दिला. आता प्रश्न उरतो तो रोजच्या तासाला नेमकं काय करायचं याचा. म्हणून एक खेळ इथे तपशिलात मांडतो: बुडतं की तरंगतं.

दीड फूट रुंदीचं घमेलं किंवा टब घ्यावा, त्यात ४-५ इंच पाणी. पाणी कमी पडलं तर मोठी वस्तू तळाला टेकते आणि मुलांना ती बुडाल्यासारखीच दिसते. एका घमेल्याभोवती ४-५ मुलं पुरेत. जास्त झाली की मागची नुसती बघत राहतात. खेळ अंगणात मांडावा आणि खाली गोणपाट अंथरावं, कारण ओल्या फरशीवर मुलं हमखास घसरतात. वस्तू आठच: मोठं वांगं, लहान बटाटा, गारगोटी, कुलूप, स्टीलचा चमचा, लाकडी रवी, पोकळ रबरी चेंडू, वाळकी काटकी. मुलाच्या मुठीत पूर्ण लपेल इतकी लहान वस्तू घेऊ नये, ती तोंडात जाते.

पहिले दोन दिवस काही विचारू नये. मुलांना पाणी ओतायचं असतं, थापट्या मारायच्या असतात. ती हौस फिटल्याशिवाय त्यांचं वस्तूंकडे लक्ष जात नाही. तिसऱ्या दिवशी शेजारी दोन सुपं ठेवावीत, एक 'बुडेल' म्हणणाऱ्यांचं, दुसरं 'तरंगेल' म्हणणाऱ्यांचं. प्रत्येक मुलाने वस्तू हातात घेऊन, तोलून, आपल्याला वाटेल त्या सुपात ठेवायची. 'सांगा बरं काय होईल?' असं सगळ्यांना मिळून विचारलं की पहिलं मूल जे बोलतं तेच बाकीची म्हणतात आणि अंदाज एकाचाच राहतो. सुपात हाताने ठेवलेली वस्तू मात्र ज्याची त्याची असते. मग एकेक वस्तू पाण्यात सोडायची, चुकीच्या सुपातली उचलून बरोबर सुपात ठेवायची. ते कामही मुलांचंच.

'जड असतं ते बुडतं' हे उत्तर जवळजवळ प्रत्येक गटात येतं. ते खोडू नये. त्या मुलाच्या एका हातात वांगं आणि दुसऱ्या हातात लहान बटाटा द्यावा. वांगं जड लागतं, पाण्यात सोडलं की तरंगतं. हलका बटाटा सरळ तळाला जातो. मूल दोन्ही वर काढतं, पुन्हा सोडतं, वांगं दाबून तळाशी नेतं, हात काढला की ते उसळी मारून वर येतं. त्या दाबण्यात पाण्याचा वर रेटणारा जोर तळहाताला कळतो, आणि या वयाला तेवढं पुरे आहे. इथे 'घनता' हा शब्द काढला की मुलं तो पाठ करतात आणि घमेल्याकडे बघणं थांबवतात.

पुढच्या आठवड्यात स्टीलची वाटी आणावी. उपडी नाही, उताणी, अलगद सोडली की तरंगते. तिरकी करून पाणी आत घेतलं की बुडते. एकच वस्तू दोन्ही करते हे पाहून मुलं खरोखर अडखळतात. या क्षणी 'का?' विचारलं तर बहुतेक मुलं गप्प होतात. 'काय केलं की ही बुडेल? आता न बुडता किती दगड घेईल?' असं विचारलं की हात कामाला लागतात. होडी करायची असेल तर कणीक पाण्यात चिकट होते, शाडू विरघळते. मेणचट रंगीत क्ले चालते. मुलं तळ जाड ठेवतात आणि काठ बुटके, म्हणून होडी बुडते. वाटीच्या पाठीवर क्ले थापायला दिली की काठ उंच येतात.

बी रुजवण्याचा खेळ बऱ्याच ठिकाणी होतो, पण त्यातल्या चुकाही ठरलेल्या आहेत. पावटा किंवा राजमा रात्रभर भिजवावा, पारदर्शक पेल्याच्या आतून ओला टिपकागद लावावा, मध्ये कापूस भरावा आणि बी कागद आणि पेला यांच्यामध्ये सरकवावं, म्हणजे मूळ फुटताना दिसतं. तळाशी अर्धं बोटच पाणी असावं. बी पाण्यात बुडालं की त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. साधारण ३-४ दिवसांत मूळ दिसतं. एका पेल्यात मुद्दाम तूरडाळ ठेवावी, एक पेला कोरडा आणि एक कपाटात अंधारात. 'रुजायला ऊन लागतं' असं अनेक शिक्षिकाही सांगतात, पण कपाटातलं बीही रुजतं, उलट त्याचा कोंब जास्त लांब आणि फिकट पिवळा निघतो. रोज कोंबाएवढी कागदी पट्टी कापून भिंतीवर ओळीने चिकटवली की आकडे न शिकवता वाढ दिसते. रविवारची जागा रिकामीच सोडावी.

बियाणं मात्र किराणा दुकानातलंच घ्यावं. पेरणीसाठी मिळणाऱ्या गुलाबी, लाल रंगाच्या बियाण्यांना विषारी औषध चोळलेलं असतं. ते बालवाडीत येताच कामा नये. शिवाय मुलं कडधान्य नाका-कानात घालतात आणि ओलाव्याने ते आत फुगतं. म्हणून बिया मोजून द्याव्यात, मोजून परत घ्याव्यात. घमेल्याजवळ एक मोठं माणूस सतत हवं, कारण काही इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपताक्षणी पाणी झाडांना घालून घमेलं पालथं करावं. चुंबकाचा खेळ करायचा तर जुन्या स्पीकरमधलं मोठं गोल चुंबक घ्यावं. बटणाएवढी शक्तिशाली चुंबकं आणि घड्याळाचे चपटे सेल पोटात गेले तर जिवावर बेततं.

अंगणवाडी आणि बालवाडीच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोनदा सलग ४० मिनिटं या खेळांना द्यावीत. त्यातली २० मिनिटं खेळाची आणि बाकीची मांडण्या-आवरण्याची, कारण आवरायला वेळ नसला की बाई पाण्याचा खेळ टाळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. प्रशिक्षण वर्गात भाषणाऐवजी ताईंनाच घमेल्याभोवती बसवावं. पालकांनी मुलाबरोबर एक जुना जोड कपडे पाठवावेत आणि बाही ओली झाली म्हणून शाळेत तक्रार करू नये.

आपल्या,
बालशिक्षणात काम करणाऱ्या काही शिक्षिका