मिरगाआधी झर राखायची आहे: वाड्याच्या पाणी समितीचं आवाहन

वाड्यावरच्या सगळ्या घरांना, आणि पणजी, म्हापसा, मुंबई, पुणे, आखातात जिथं कुठं आपली माणसं आहेत त्यांना, लेकी-जावयांसकट, सविनय नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. सड्याखालच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठाराखालच्या, झरीचं काम समितीनं हाती घेतलं आहे. त्यासाठी ४ लाख ५० हजार रुपये हवेत, रविवारी राबणारे हात हवेत आणि सड्यावरच्या जमिनीच्या वाटेकऱ्यांच्या सह्या हव्यात. यातलं अवघड काय, ते पुढं येईलच.

गोव्यात पाण्याची तक्रार केली की बाहेरचा माणूस हसतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि यांना पाणी नाही! पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर एवढ्यात कोसळतो आणि उतारावरून बघता बघता समुद्र गाठतो. पेडणे तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा. दोन्ही नद्यांत भरतीचं खारं पाणी आत शिरतं, म्हणून नदी दारात असून घागर रिकामी. राहिला नळ. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोवा हे देशातलं पहिलं ‘हर घर जल’ प्रमाणित राज्य ठरलं आणि आपल्याही घरोघर नळ आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आपला वाडा वाहिनीच्या शेवटाला, त्यातही चढावर. एप्रिल उजाडला की नळ आधी रात्रीचा येतो, मग एक दिवस आड, मग टँकर. टँकर कधी येणार हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. तिळारी धरणाच्या कालव्याला भगदाड पडलं की आपल्याकडं काय होतं, ते तर वर्तमानपत्रात वाचण्याआधीच घरी कळतं.

अशा वेळी वाडा झरीवर जातो. पूर्वीपासून जातो आहे. आणि झर दर वर्षी थोडी थोडी हातची जाते आहे.

तिचं पाणी येतं कुठून, हे नव्या मुलांसाठी लिहायलाच हवं. वरचा सडा जांभ्याचा, भोकाभोकांचा. पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपतं आणि शेडीच्या थरावर येऊन अडतं, कारण शेडीची चिकण माती पाण्याला वाट देत नाही. मग ते त्या थरावरून आडवं सरकत सड्याच्या कडेला येतं आणि जांभळीच्या मुळांखाली उघड्यावर पडतं. तीच आपली झर. म्हणजे पाणी दिसतं खाली, पण त्याची साठवण वर आहे. वर चिरे काढले, सपाटीकरण केलं, काँक्रीट घातलं की खाली झरीला ते कळतं, फक्त दोन-चार उन्हाळ्यांनी कळतं. तोवर आपण म्हणत राहतो, यंदा पाऊस कमी झाला.

झर मोजायची पद्धत सोपी आहे: दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. जानेवारीत बादली मिनिटभरात भरते. मिनिटाला १० लिटर म्हणजे दिवसाला १४,४०० लिटर. जल जीवन मिशनचं प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर. त्या हिशेबानं हे २६० माणसांचं पाणी झालं, आणि वाड्यावर माणसं आहेत १८०. तरी टंचाई का? कारण रात्रभर कुणी घागर लावून बसत नाही. ते पाणी सरळ ओढ्याला जातं. मे अखेरीस तीच बादली भरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाला ३,६०० लिटर. ते नीट साठवलं तर माणशी २० लिटर, पिण्याला आणि रांधपाला पुरेसं. त्याहून मोठं स्वप्न समिती दाखवत नाही. आंघोळ, कपडे, पोरसू (परसबाग) यासाठी नळ आणि विहिरीच. झरीनं टँकरच्या दिवसांत पिण्याचं पाणी द्यावं, एवढीच अपेक्षा.

आता शुद्धतेचं. झरीचं पाणी देवाचं, त्याला काय होणार, असं जुनी माणसं म्हणतात. त्यांच्या काळी सड्यावर घरं नव्हती, शोषखड्डे नव्हते आणि जुन्या चिरेखाणीत कचऱ्याच्या पिशव्या नव्हत्या. जांभा पाणी झटकन आत घेतो, तशी घाणही झटकन घेतो; मातीत होते तशी गाळणी त्यात होत नाही. खाणीत टाकलेली पिशवी अखेर आपल्याच घागरीत येते. गेल्या पावसाळ्यात वाड्यावर कावीळ आणि जुलाब दोन्ही झाले. पाणी तपासून घेतलं, तर त्यात विष्ठेतले जंतू निघाले. मानक सांगतं की पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय एकही दिसता कामा नये. डोळ्यांना ते पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, हे मुद्दाम सांगतो.

उलट ज्याला सगळे घाबरतात ते एवढं घाबरण्यासारखं नाही. झरीच्या डबक्यावर तेलासारखा रंगीत तवंग येतो आणि कडेला तांबूस गाळ बसतो. कुणीतरी वर गाडीचं ऑइल ओतलं, अशी आवई उठली होती. तवंग काठीनं ढवळून बघा: तेल असेल तर तो पुन्हा जुळून येतो, इथं त्याचे पापुद्र्यासारखे तुकडे होतात आणि तसेच राहतात. हे जांभ्यातल्या लोहाचं आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. पाणी दोन-तीन पायऱ्यांवरून पाडलं की हवा लागून बरंचसं लोह गंजतं आणि वाळूत अडकतं.

काम ठरलं आहे ते असं. उगमावर चिऱ्यांची बंदिस्त पेटी, वर झाकण, म्हणजे पालापाचोळा आणि गुरांचे पाय आत येणार नाहीत. त्यापुढं पायऱ्या आणि वाळूची गाळणी. पेटी-गाळणी मिळून १ लाख १० हजार. खाली १०,००० लिटरची टाकी आणि दोन तोट्या, १ लाख ६० हजार. रात्रीच्या बारा तासांत ७,२०० लिटर जमतं, म्हणून यापेक्षा मोठी टाकी नको. मोठी टाकी म्हणजे मोठा फलक आणि मोठं उद्‌घाटन, बाकी काही नाही. पंप नाही, वीजबिल नाही, सगळं उतारानंच वाहणार. रोज संध्याकाळी टाकीत ब्लीचिंग पावडर पडेल, १,००० लिटरला अडीच ग्रॅम या मापानं, म्हणजे भरल्या टाकीला २५ ग्रॅम. अर्ध्या तासानंतर पाणी भरायचं. वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हंड्याचं तोंड थोडा वेळ उघडं ठेवावं, वास जातो.

उरलेले १ लाख ८० हजार दोन ठिकाणी जातील. ९० हजार सड्यासाठी: दगडी बांध, रोपं आणि गुरांपासून कुंपण. सड्याच्या उघड्या खडकात चर खोदायचे नाहीत, हे बैठकीत भांडून ठरलं आहे. तिथं दगडाचे बुटके बांध पुरेत, चर फक्त उतारावरच्या मातीत. रोपं जांभूळ, भिरंड (कोकम), किंदळ आणि माट्टीची. माट्टी तर गोव्याचा राज्यवृक्ष आहे. अकेशिया कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही.

दुसरे ९० हजार बँकेत ठेव म्हणून राहतील. यावर काही देणगीदारांनी नाराजी कळवली: पैसे कामाला द्यायचे, बँकेत कशाला? पण आजूबाजूला फिरून बघा. बांधलेल्या टाक्या आहेत, त्यांवर देणगीदारांच्या नावाच्या फरशा आहेत आणि तोटी गेल्याला वर्षं झाली. तोटी बदलायला कुणी देणगी देत नाही. वाळू धुणं, पाणी तपासणं, पावडर आणणं हे कायमचं आहे. ठेवीच्या व्याजाखेरीज दर घर महिन्याला ५० रुपये देणार आहे. ४० घरांचे वर्षाचे २४,००० होतात. ज्या घरात पेन्शनशिवाय दुसरी मिळकत नाही, त्यांनी दिले नाहीत तरी पाणी तेवढंच मिळेल, आणि ती नावं फलकावर लागणार नाहीत.

आता सह्या. झरीच्या वरचा सड्याचा तुकडा एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्या गोव्याचा सातबारा) अनेक वाटेकऱ्यांच्या नावे आहे, त्यातले निम्मे गावाबाहेर. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून दलाल कुठल्या भावानं विचारतात, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. जागा विकू नका असं सांगायचा समितीला अधिकार नाही आणि तसं आम्ही म्हणतही नाही. दोन गोष्टींची लेखी संमती द्यावी: बांध आणि रोपं घालायला हरकत नाही, आणि झरीच्या वरच्या, दगड रोवून दाखवलेल्या पट्ट्यात दहा वर्षं चिरे काढणार नाही की सपाटीकरण करणार नाही. ही सही मिळाली नाही तर खालची पेटी आणि टाकी काही वर्षांत कोरडी पडेल. तेव्हा ज्यांचं नाव उताऱ्यावर आहे, त्यांनी दहा हजारांचा धनादेश पाठवून सही टाळण्यापेक्षा सही द्यावी, पैसे नाही दिले तरी चालतील. वाटण्यांवरून बोलणं बंद असलेल्या भावांनी वेगवेगळ्या कागदांवर सह्या केल्या तरी समितीला चालतं.

वाड्यावरून आतापर्यंत घरटी हजार रुपये, एकूण ४० हजार, जमा झाले आहेत. खात्याचा तपशील आणि क्यूआर कोड देवळाच्या सभामंडपातल्या फलकावर आणि वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आहे. दुसरीकडून फिरत आलेल्या कोडवर पैसे टाकू नका. खात्यावर दोघांच्या सह्या लागतात, त्यातली एक बाई आहे, कारण पाणी कोण भरतं ते सर्वांना ठाऊक आहे. समितीकडं आयकर सवलतीचं प्रमाणपत्र नाही. ती हवी असणाऱ्यांचा हिरमोड होईल, पण आधीच सांगितलेलं बरं. हिशेब चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे गावात असताना देवळात वाचला जाईल, बिलं तिथंच ठेवली जातील.

पैशांऐवजी वस्तू चालतील: चिरे, सिमेंट, धुतलेली नदीची वाळू, पाइपचे तुकडे. गवंडीकाम येणारा कुणी एक आठवडा देऊ शकला तर फारच उत्तम.

श्रमदान शिगमो झाला की दर रविवारी, सकाळी सात ते अकरा. मिरगाचा पाऊस सुरू झाल्यावर पेटीचं बांधकाम होणार नाही, म्हणून पेटी मेअखेर पुरी व्हायलाच हवी. रोपं मात्र पहिल्या पावसानंतर. येताना कुदळ, घमेलं, टोपी आणा. गाड्या खालच्या पिंपळाकडं ठेवा, वरची वाट चारचाकीची नाही. पेज, लोणचं आणि सुक्या बांगड्याची किसमूर समितीकडून. शाकाहारी मंडळींनी आदल्या दिवशी सांगावं, म्हणजे खतखतं करता येईल.

आपली,
वाड्याची पाणी समिती, पेडणे