‘मोनोनोके’ भागांनी नव्हे, गोष्टींनी पाहा

महोदय,

‘ओटीटीवर काय पाहावे’ अशा धाटणीच्या सदरांत फँटसी अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) म्हटले की शेकडो भागांच्या मालिका पुढे केल्या जातात आणि नवा प्रेक्षक भागसंख्या पाहूनच माघारी फिरतो. अशांनी २००७ ची ‘मोनोनोके’ लावावी. १२ भाग, प्रत्येकी साधारण २३ मिनिटे. सगळे मिळून साडेचार तासांचा ऐवज.

आधी नावाचा घोळ निस्तरू. हे नाव शोधले की स्टुडिओ जिबलीचा १९९७ चा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ हा चित्रपट हमखास समोर येतो. त्याचा हिच्याशी काडीचाही संबंध नाही. वर्ष आणि केंजी नाकामुरा हे दिग्दर्शकाचे नाव तपासून मगच प्ले दाबावे.

बारा भागांत गोष्टी पाचच आहेत: अनुक्रमे दोन, तीन, दोन, दोन आणि तीन भागांच्या. पहिला भाग पाहून ‘डोक्यावरून गेले’ म्हणणारा अर्ध्या गोष्टीवरून उठलेला असतो. एका बैठकीत एक गोष्ट पुरी करावी.

नायक म्हणजे औषधे विकत फिरणारा एक अनामिक माणूस. त्याची तलवार सहजी म्यानाबाहेर येत नाही. त्यासाठी काताची, माकोतो आणि कोतोवारी हाती लागावे लागतात. काताची म्हणजे समोरच्या पिशाच्चाचे रूप, माकोतो म्हणजे प्रत्यक्षात काय घडले, आणि कोतोवारी म्हणजे त्यामागची मनातली सल. एकेकाचा उलगडा झाला की मुठीवरचा राक्षसी चेहरा दात वाजवतो. त्या आवाजाकडे कान ठेवले की तपास कुठवर आला ते कळते. रूप लवकर सापडते. घोडे अडते ते पुढच्या दोहोंत, कारण जमलेली माणसे खोटे बोलत असतात, कधी स्वतःशीसुद्धा. ‘उमिबोझू’ या दुसऱ्या गोष्टीत एका भिक्षूने सांगितलेली आठवण पुढे पार उलटी पडते. सबटायटल्स वाचता वाचता मोबाइल चाळणाऱ्याच्या हातून नेमके हेच निसटते. दीडपट वेगाने पाहणेही नको, शांत जागांचा जीव जातो.

चित्रावर जपानी हातकागदाचा पोत आहे, भिंती-कपड्यांवर नक्षी खच्चून भरलेली. डेटा वाचवण्यासाठी दर्जा कमी ठेवला की हा पोत चौकटी-चौकटींनी फुटतो आणि सगळे गढूळ दिसते. शक्य तेवढा वरचा दर्जा आणि मोठा पडदा घ्यावा. ‘नुए’ ही गोष्ट बरीचशी करड्या छटांत आहे. टीव्हीच्या रंगांशी खेळत बसू नये. सुगंधी लाकडाचा धूर हुंगला की रंग आपोआप भरतात. धुपाचा वास डोळ्यांना दाखवण्याची एवढी साधी युक्ती क्वचितच सापडते.

चित्रे देखणी म्हणून लहान मुलांना मात्र सोबत बसवू नका. पहिलीच गोष्ट न जन्मलेल्या मुलांची आहे, पुढेही बायकांवरचे अत्याचार येतात.

औषधविक्रेता प्रथम आला तो २००६ च्या ‘आयाकाशी’ मालिकेच्या शेवटच्या तीन भागांत, म्हणजे ९ ते ११ मध्ये. मिळाले तर ते आधी पाहावेत. ‘उमिबोझू’तली कायो ही तरुणी त्याला ओळखते कशी, ते त्यातून कळते. ‘मोनोनोके’ची अखेरची गोष्ट तर जुना काळ सोडून थेट भुयारी रेल्वेत घडते आणि तिथे कायोच्याच चेहऱ्याची चियो भेटते. तिथे भाग चुकला म्हणून मागे जाऊ नका.

— एक वाचक