वकीलसाहेबांचा अर्ज

प्रिय पाटील,

दिवाळीत तुझा दोनदा फोन आला आणि मी उचलला नाही. वहिनींना नंतर सांगितलं की दुकानात गर्दी होती. ते खरं नव्हतं. तुझा आवाज ऐकला असता तर ही गोष्ट तोंडून निघाली असती, आणि ती फोनवर बोलायची नव्हती. माझी शुगर आटोक्यात आहे, अम्मांचे गुडघे आहेत तसेच आहेत. आज शटर ओढून आत बसलोय आणि लिहितोय.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी चौघंजण घरी आले. पक्ष कुठला ते लिहीत नाही. आपला वॉर्ड यंदा ओबीसी महिलेला सुटलाय. पालिकेवर चार वर्षं प्रशासक, ओबीसी आरक्षणाचं भांडण सुप्रीम कोर्टात, तोवर तुंबलेल्या गटारीची तक्रार कुणाकडं करायची हेच लोक विसरून गेले होते. २०२५ च्या मे महिन्यात कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि आता सगळ्यांना एकदम माणसं हवी झालीत. म्हणाले, तुमच्या मुलीला उभी करा. एकजण चहा पिता पिता बोलला, "तुमच्या वस्तीतली मतं गठ्ठ्यानं आणा, कब्रस्तानची भिंत आम्ही बांधून देतो."

मी मान हलवत होतो. तेवढ्यात आतून ती आली. चौथीत असताना तू तिचं नाव वकीलसाहेब ठेवलंस, आता खरंच एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. उभ्याउभ्याच म्हणाली, "भिंत पाहिजेच, काका. पण मला आधी पाण्याच्या वेळेबद्दल बोलायचंय. पहाटे साडेतीनला पाणी सोडतात. ते अख्ख्या वॉर्डाला सोडतात, एकट्या आमच्या वस्तीला नाही." चौघंही एकमेकांकडं बघून हसले. त्यातला वयस्कर होता तो माझ्याकडं वळून म्हणाला, हुशार आहे पोरगी. आणि मी म्हणालो, "लहान आहे हो अजून. आमच्यासारख्यांना कुठलं राजकारण."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना विचारलं, "अब्बू, आमच्यासारख्यांना म्हणजे कुणासारख्यांना?"

पाटील, हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही, कारण त्या उत्तरात तू आहेस.

१९९२ सालचा ऑगस्ट. कँटीनमागचं लिंबाचं झाड. लंबू होता, तो चष्मेवाला होता. जीएसचा, म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थी सचिवाच्या निवडणुकीचा, फॉर्म भरून माझ्या खिशात होता आणि तू म्हणालास, "मुलाणी, तू उभा राहिलास तर मतं फुटतील. मी राहतो, काम तूच कर." मी काही बोललो नाही. तू निवडून आलास आणि काम खरंच मी केलं. गॅदरिंगच्या हिशेबाच्या वह्या माझ्या अक्षरात होत्या, हार तुझ्या गळ्यात होते, आणि त्या झेंडूनं तुला आठवडाभर शिंका येत होत्या. हे आपण तीस वर्षं चेष्टेत सांगत आलो. पण त्याच डिसेंबरात बाबरीचं ते सगळं झालं तेव्हा तू काठी घेऊन दोन रात्री आमच्या ओट्यावर बसलास. अब्बा तुला आत ये म्हणत होते आणि तू येत नव्हतास. ज्यानं ओट्यावर रात्री काढल्या त्याला फॉर्मचं कसलं विचारायचं? म्हणून मी ते कधीच काढलं नाही. दोन वर्षांनी विद्यापीठाचा कायदा बदलला, कॉलेजातल्या थेट निवडणुकाच बंद झाल्या. मला वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. माझ्या अंगात मुरला होता. त्यानंतर मी सोसायटीला उभा राहिलो नाही, व्यापारी संघाला नाही, पोरीच्या शाळेतल्या पालक समितीलासुद्धा नाही. कुणी नको म्हणण्याआधीच मी मागं सरत होतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणत होतो. त्या रविवारी तोच समजूतदारपणा पोरीच्या हातात देत होतो.

अब्बांचं तसं नव्हतं. अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले तेव्हा आपण दुसरीत होतो. अब्बांनी पाव किलो पेढे आणले होते, आणि तुझ्या आईनं विचारलं होतं, कोण पास झालं? आंबेतसारख्या खेड्यातला कोकणी मुसलमान वर्षा बंगल्यावर राहायला गेला, याचं अब्बांना किती होतं ते मला तेव्हा कळलं नाही. निराधार योजना त्यांनी काढली. तुझ्या आत्याला तिचे पैसे यायचे, आमच्या गल्लीतल्या दोन विधवांनाही यायचे, आणि अब्बा कुणाचीही जात न विचारता सगळ्यांचे अर्ज भरून द्यायचे. जणू आपल्याच घरातलं कार्य. मग सिमेंटच्या कोट्याबदली देणग्या घेतल्याच्या आरोपाचं प्रकरण, हायकोर्टाचा निकाल, जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा. अब्बा महिनाभर स्टँडवरच्या हॉटेलात गेले नाहीत. दुसरा कुठला मुख्यमंत्री गेला की तो एकटा जातो. आपला गेला तर आपल्यातल्या प्रत्येकाला खाली बघून चालावं लागतं, हे मी आठ-नऊ वर्षांचा असताना शिकलो. एकच माणूस वर असला की त्याच्या डोक्यावर सगळ्यांचं ओझं येतं. दहा-वीस असते तर त्यातला एखादा वाईट निघाला असता आणि लोकांनी त्याला एकट्याला शिव्या दिल्या असत्या. मला तर वाटतं, प्रतिनिधित्वाचा हाच खरा उपयोग आहे.

आता वकीलसाहेब मला आकडे ऐकवते. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात ४८ जागा, दोन्ही आघाड्यांनी मिळून एकाही मुसलमानाला तिकीट दिलं नाही. काँग्रेसच्याच नसीम खान यांनी त्यावरून पक्षाच्या प्रचाराला नकार दिला, चार दिवस बातमी चालली आणि विरली. २००४ ला अंतुले कुलाब्यातून, म्हणजे रायगडातून, निवडून गेले, मग २०१९ ला एमआयएमचे जलील औरंगाबादेतून, आणि आता कुणीच नाही. विधानसभेत २८८ मध्ये दहा, लोकसंख्या साडेअकरा टक्के. मी तिला म्हटलं, आकड्यानं पोट भरत नाही. ती म्हणाली, "पोटाचं कोण बोलतंय? पोरांनी टीव्हीवर सभागृह बघायचं आणि त्यात आपल्यासारखं कुणी दिसायचं नाही, मग तीही तुमच्यासारखंच म्हणणार, आमच्यासारख्यांना कुठलं राजकारण." मला जेवण गेलं नाही.

ती मुसलमानांसाठी राखीव जागा मागत नाही, तेही सांगतो, नाहीतर तू भाषण सुरू करशील. उलट मलाच शिकवते. संविधान सभेत बेगम ऐजाज रसूल होत्या, तिथली एकमेव मुसलमान बाई. अल्पसंख्याकांच्या राखीव जागांना त्यांनीच विरोध केला, कारण त्यानं आपण कायमचे वेगळे पडू असं त्यांचं म्हणणं होतं. १९४९ साली त्या जागा गेल्या. पोरगी म्हणते, त्यांनी शेजाऱ्यावर विश्वास टाकला, आता शेजाऱ्यानं तो दाखवायची पाळी आहे. आणि मग कोल्हापूरजवळच्या कागलचं उदाहरण देते. तिथं काही मुसलमानांची वस्ती मोठी नाही. तरी हसन मुश्रीफ १९९९ पासून सहा वेळा निवडून आले. त्यांचं राजकारण तुला पटत नाही, मलाही सगळं पटत नाही. पण तिथं मतं फुटली नाहीत, पाटील.

हे वाक्य लिहिताना हात थांबला होता. रागावलेलो नाही. तुला त्या वेळी जे दिसत होतं ते तू बोललास, कदाचित खरंही असेल. मला फक्त एवढंच हवं होतं की आपण एकदा मोजून बघितलं असतं.

पक्षवाल्यांनी नंतर कळवलं की दुसरं एक नाव पुढं आहे. पाण्याच्या वेळेनं काम केलं असावं. आता ती अपक्ष भरणार म्हणते. त्यासाठी दाखले काढायला अब्बांची पत्र्याची पेटी उघडली. जात वैधतेला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान'. थोरल्या चुलत्यांच्या दाखल्यावर, १९५१ सालचा, 'मुसलमान मुलाणी'. शाळा तीच, आईबाप तेच. एका गुरुजींनी विचारून लिहिलं, दुसऱ्यांनी न विचारता. मुलाण्याचं काम म्हणून जत्रेत बकऱ्यावर पहिली सुरी आजोबांची चालायची, पाटलाच्या घरून त्यांना पानसुपारी यायची, आणि कागदावर त्याचा हा एवढाच एक शब्द उरलाय. शब्बीर अन्सारींची मुस्लिम ओबीसी चळवळ झाली, दिलीपकुमार त्यांच्याबरोबर उभे राहिले, तेव्हा कुठं अब्बांना कळलं की त्या शब्दाला किंमत आहे. त्या एका शब्दावर आज ती उभी राहू शकते.

त्याच पेटीत तळाला माझा फॉर्म सापडला. चार घड्या. शाई फिकी झालीय, पण सूचक म्हणून तुझी सही वाचता येते. तू सही केली होतीस, हे मी विसरलो होतो. तुला आठवतं का?

तुझं विचारायचं राहिलंच. चिरंजीवांचं बंगळुरूचं पक्कं झालं का? वहिनींचा मोतीबिंदू यंदा काढून घे, टाळू नकोस. फ्लॅटचं प्रकरण काय झालं ते सविस्तर लिही.

सोमवारी अर्जाचा शेवटचा दिवस. सूचकांमध्ये पहिली सही तुझ्या काकूंनी केलीय. पहाटे साडेतीनला कळशी भरून त्यांची कंबर गेलीय, त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वकीलसाहेब रविवारी रात्री तुला फोन करेल. सल्ला मागेल, तिची सवय तुला माहीत आहे. मी तिला फॉर्मचं सांगितलेलं नाही. तू तिला मतं फुटतील असं म्हणू नकोस. बाकी काय बोलायचं ते बोल.

तुझा,
मुलाणी