क्युबाचा बेत

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज बदलतो आणि बाबा "बरं, बघू" म्हणून फोन पुन्हा तिच्याच हातात देतात. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून पाठवतेय. दोघांनी बसून वाचा. वाचून होईपर्यंत मावशीला मात्र काही सांगू नका. तिच्याकडून ही बातमी फोंड्याहून माशेलला पोचेल, तोवर मी क्युबाच्या तुरुंगात पडलेली असेन.

बेत असा आहे. आमच्या क्लबात एक निवृत्त इंजिनीयर आहेत, सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतात. त्यांची अडतीस फुटी शिडाची बोट. ते, त्यांची बायको, माझी मैत्रीण आणि मी, असे चौघे. फ्लोरिडाच्या पार खालच्या टोकाला की वेस्ट नावाचं बेट आहे. तिथून निघायचं आणि हवानाच्या पश्चिमेला मरिना हेमिंग्वे नावाचं बंदर आहे तिथे लागायचं. अंतर समुद्री मैलांत नव्वदच्या आसपास, म्हणजे पणजीहून रत्नागिरी. संध्याकाळी नांगर उचलला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत किनारा दिसायला हवा.

आता बाबांचा प्रश्न. "तू भारताची नागरिक, पासपोर्ट भारताचा, क्युबाशी आपलं काही वाकडं नाही, मग अमेरिकेची बंदी तुला कशी लागते?" प्रश्न बरोबर आहे, मीही आधी हाच विचारला होता. पण हा कायदा नुसता पासपोर्ट बघत नाही. अमेरिकेत राहणारा कोणीही त्याच्या कक्षेत येतो. मी इथे ग्रीन कार्डवर राहते, पगार इथे घेते, त्यामुळे मला तो कॅप्टनइतकाच लागू. शिवाय बोटही अमेरिकेत नोंदलेली. क्युबाचा व्हिसा मला वेगळा काढावा लागेल, पण ते काम त्यामानाने किरकोळ.

कायदा काय म्हणतो? पर्यटनासाठी क्युबाला जायचं नाही. मात्र बारा कारणं ठरवून दिलेली आहेत, त्यातल्या एकात तुम्ही बसत असलात तर जाता येतं. नातेवाईक, पत्रकारिता, संशोधन, धर्मकार्य, असं बरंच काही. आम्ही ज्या कारणात बसतो ते म्हणजे तिथल्या सामान्य लोकांना आधार देणं. त्यासाठी आधी अर्ज करावा लागत नाही, पण अटी आहेत. सरकारी हॉटेलांची एक यादी आहे, तिथे उतरायचं नाही. लोकांच्या घरातल्या खोल्या भाड्याने घ्यायच्या. जेवायचं ते घरगुती खाणावळीत. दिवसभर लोकांना भेटण्याचा, त्यांच्या कामाधंद्याशी संबंध येईल असा कार्यक्रम हवा. नुसतं किनाऱ्यावर पडून राहिलं तर चालत नाही. (म्हणजे कळंगुटला येणारे निम्मेअधिक पाहुणे इथे नापास.) आणि सगळ्या पावत्या, नोंदी दहा वर्षं जपून ठेवायच्या. पूर्वी पाच वर्षं होती, २०२५ पासून दहा झाली. बाबा, वीजखात्याच्या बिलांची तुमची ती फाइल बघून आम्ही आजवर हसत होतो, आता बोलायला जागा राहिली नाही.

इथवर सगळं जमण्यासारखं आहे. अडतं ते बोटीपाशी. माणूस जाणं वेगळं आणि बोट जाणं वेगळं. बोट चार दिवसांसाठी क्युबाला गेली तरी अमेरिकेच्या हिशेबी ती तात्पुरती निर्यात ठरते आणि निर्यात म्हटली की व्यापारखात्याचा परवाना आला. २०१६च्या सुमारास ओबामांच्या काळात यात सवलत होती, शिडाच्या बोटींची रीघ लागली होती म्हणतात. जून २०१९मध्ये ती काढून घेतली. क्रूझ जहाजं बंद झाली आणि त्यांच्याबरोबर आमच्यासारख्या खाजगी होड्याही. आता प्रत्येक बोटीला स्वतंत्र परवाना लागतो आणि असे अर्ज सहसा नाकारायचे हेच जाहीर धोरण आहे. थोडक्यात, ज्या बोटीत मी बसणार म्हणून आईची झोप उडाली आहे, ती बोट निघण्याची शक्यताच बेताची आहे.

परवाना आलाच, तर वर तटरक्षक दलाचा आणखी एक फॉर्म. सीजी-३३०० त्याचं नाव. बोटीचं नाव, नोंदणी, कोण कोण आहे, कधी निघणार, सगळं भरून त्यांची मंजुरी घेतल्याशिवाय क्युबाच्या हद्दीत शिरायचं नाही. याला कारण झालं ते १९९६च्या फेब्रुवारीत. फ्लोरिडातल्या एका निर्वासित संघटनेची दोन छोटी विमानं क्युबाच्या हवाईदलाने पाडली, चार माणसं गेली. त्यानंतर क्लिंटननी आणीबाणी जाहीर करून फ्लोरिडातून तिकडे जाणाऱ्या बोटींवर नजर ठेवायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे. दादाने तुम्हाला "तिथे बोटींवर गोळ्या घालतात" म्हणून जे सांगितलं, त्याचं मूळ बहुतेक हेच. त्याला म्हणावं, विमानं होती, आणि तीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

क्लबात या सगळ्यावर तोडगे सांगणारे खूप. एक म्हणतो, बहामाला जा आणि तिथून वळा. दुसरा म्हणतो, बोटीची ओळख सांगणारं यंत्र रात्री बंद ठेवा, कोण विचारतंय. मी कॅप्टनना सरळ सांगितलं आहे की कागद हातात नसेल तर मी बोटीवर पाऊल ठेवणार नाही. बहामाहून गेलं म्हणून बोट बहामाची होत नाही आणि मीही होत नाही. त्यांना दंड झाला तर ते भरतील, त्यांचं घर इथेच आहे. माझं ग्रीन कार्ड पणाला लागेल. शिवाय बोटीच्या विम्यात क्युबाचं पाणी वगळलेलं आहे, ते वेगळं करून घ्यावं लागेल. कॅप्टन जरा खट्टू झाले, पण त्यांच्या बायकोने माझीच बाजू घेतली. अर्ज आता रीतसर गेला आहे. नकार आला तर आम्ही दोघी मैत्रिणी विमानाने जाऊ, लोकांच्या घरातल्या तशाच खोल्या घेऊन राहू, आणि कॅप्टन आपली बोट घेऊन ड्राय टॉर्टुगासला, म्हणजे की वेस्टच्या पश्चिमेकडच्या अमेरिकेतल्याच बेटांवर, जातील.

मग जायचंच कशाला, असं आई विचारणार. याचं उत्तर बाबांकडे आहे.

बाबा, तुम्ही शाळेत नुकते जाऊ लागला होतात तेव्हाची नाकेबंदी तुम्ही आम्हाला जेवताना सांगायचात. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे. ऑगस्ट १९५५ला सीमेवर पत्रादेवीला त्यांनी सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या आणि भारताने सीमा आवळली. मुंबईची आगबोट बंद, कॅसलरॉकची रेल्वे बंद, मुंबईत नोकरीला असलेल्यांचे घरी यायचे पैसे अडकले. बटाटे हॉलंडचे आले, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. दाबोळीचा विमानतळ त्याच वर्षी झाला आणि विमानं कराचीला जाऊ लागली. खनिज तर बोटी भरभरून जपानला जातच होतं. पोर्तुगालच्या हुकूमशहाचं, सालाझारचं, काही अडलं नाही. अडलं ते आजीचं. सीमेपलीकडे सावंतवाडीला तिचे भाऊ वारले आणि तिच्या हातात परवाना पडला तोवर तेरावं होऊन गेलं होतं. परवान्यावर तिचं नावही चुकवलेलं होतं, ते दुरुस्त करायला आणखी खेपा. हे सांगताना तुम्ही दर वेळी ताटातला घास खाली ठेवायचात, ते मला अजून दिसतं.

आपली नाकेबंदी १९ डिसेंबर १९६१ला संपली. केनेडींनी क्युबाशी व्यापार तोडण्याचा हुकूम काढला तो ३ फेब्रुवारी १९६२ला. मध्ये दोन महिनेसुद्धा नाहीत! गोव्याची सव्वासहा वर्षांत सुटली, त्यांची साठ वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. मला तिथल्या आजींना भेटायचं आहे. क्युबाचं सरकार सोवळं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. २०२१च्या जुलैत लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांनी शेकड्यांनी माणसं आत टाकली. पण ऑक्टोबर २०२४मध्ये अख्ख्या देशाची वीज एकदम गेली, तेव्हा अंधारात बसले ते मंत्री नव्हेत. हे वाचून बाबा "तुला राजकारण कळत नाही" म्हणतील. म्हणा. पण आजीची गोष्ट तुम्हीच सांगितलीत.

आता आईसाठी समुद्राचं. मधल्या सामुद्रधुनीत गल्फ स्ट्रीम नावाचा प्रवाह पूर्वेकडे वाहतो, मधोमध तीन-चार नॉट, म्हणजे ताशी तितके समुद्री मैल, वेगाने. आमची बोट स्वतःच साडेपाच-सहा नॉटने चालणार, म्हणजे नाक हवानाच्या बरंच पश्चिमेला धरायचं, तेव्हा कुठे आपण सरळ पोचतो. तो प्रवाह शांत असतो, फक्त उत्तरेचा वारा सुटला की वारा आणि पाणी समोरासमोर येतात आणि लाटा उभ्या, आखूड, एकामागून एक उठतात. त्यात कोणी जात नाही. हिवाळ्यात असे वारे आठवड्याआड येतात, जूनपासून चक्रीवादळांचा हंगाम. म्हणून एप्रिलअखेर ते मे, आणि तेही वाऱ्याच्या अंदाजात उत्तर नाही असं बघून. मरिना हेमिंग्वेचं तोंड खडकांमधून आहे, अरुंद, त्यामुळे तिथे रात्री शिरायचं नाही हे ठरलेलंच. पोचायला उशीर झाला तर बाहेर शीड आखडून उजाडेपर्यंत थांबायचं.

रात्री डेकवर असताना अंगावर पट्टा असतो, छातीशी लोखंडी कडी, कडीला दोन हातांची दोरी, आणि दोरीचं टोक बोटीच्या लांबीभर ताणलेल्या पट्टीत अडकवलेलं. पुढे सरकायचं तरी ती कडी पट्टीवरून घसरवत न्यायची, काढायची नाही. कॅप्टनचा नियम असा की अंधार पडल्यावर कोणी एकट्याने, न सांगता वर डेकवर यायचं नाही. नौदलाच्या तारिणी या शिडाच्या बोटीवरच्या सहा मुली २०१८च्या मेमध्ये पृथ्वीला फेरी मारून मांडवीत परत आल्या तेव्हा तू टीव्हीसमोर उभी राहून म्हणाली होतीस, "ह्यांच्या आयांनी आठ महिने काय केलं असेल गो?" त्या केप हॉर्नला वळसा घालून आल्या. तुला एक रात्र काढायची आहे.

पोचल्यावर पिवळं निशाण चढवून थांबायचं. डॉक्टर, इमिग्रेशन, कस्टम, सगळे बोटीवर येतात, कधी कुत्रंही घेऊन. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय चालत नाही, म्हणून तो नेणार नाही. म्हणजे पोचल्याचा निरोप किनाऱ्यावर उतरून वायफाय मिळाल्यावरच येईल. एक दिवस फोन आला नाही तर घाबरायचं नाही, दोन दिवस आला नाही तर माझ्या मैत्रिणीच्या भावाला विचारा. त्याचा नंबर वेगळा पाठवते. अमेरिकन बँकेची कार्डं तिथे चालत नाहीत, रोख नेणार. ताप-दुखण्याच्या गोळ्या, बँडेज, वह्या-पेन्सिली एवढं सामान वाटायला नेणार आहोत.

काकांना सांगा, सिगार येणार नाही. तिथली दारू आणि तंबाखू अमेरिकेत आणायला सप्टेंबर २०२०पासून बंदी आहे, एकसुद्धा नाही. त्यांनी आपली फेणी प्यावी.

हे सगळं मेच्या आधी होत नाही. त्याआधी माघात मी कवळ्याच्या जत्रेला येणार, तिकीट काढलं आहे. आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्याच्या आसपासच घ्या, म्हणजे थेंब घालायला मी असेन. डॉक्टरांना विचारून कळवा. बाबा, आजीचा तो चुकीच्या नावाचा परवाना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असेल तर काढून ठेवा. त्याचा फोटो बरोबर न्यायचा आहे. आई, बोट लागू नये म्हणून तुझा आलेपाक हवा, पण पोस्टाने नको पाठवूस, मागच्या वेळी सगळा एकत्र चिकटून आला होता. मी आले की करू.

दोघांनी औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
मनू