बाबा, यॉर्कला रेल्वेचं केवढं मोठं म्युझियम आहे!

लीड्स, रविवार

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आम्ही दोघं मजेत आहोत, थंडी पण आता बरीच कमी झालीये. काल समीरला सुट्टी होती म्हणून सकाळीच यॉर्कला गेलो, इथून ट्रेनने जेमतेम अर्धा तास. फोनवर सांगितलं असतं, पण बाबा दोन मिनिटांत फोन आईकडे देतात आणि मग सगळं अर्धवट राहतं, म्हणून नीट बसून लिहितेय.

बाबा, आधी तुमचं सांगते. तिथे स्टेशनला लागूनच नॅशनल रेल्वे म्युझियम आहे आणि आत जायला तिकीट नाही. मोठा हॉल म्हणजे पूर्वीची खरी लोको शेडच आहे, मधोमध इंजिन वळवायचं गोल फिरतं टर्नटेबल तसंच ठेवलंय आणि त्याच्या भोवती गोल इंजिनं उभी. आत शिरल्या शिरल्या मला भुसावळच आठवलं. तुम्ही इलेक्ट्रिक शेडवाले, पण आजोबांचं सगळं आयुष्य कोळशाच्या इंजिनावर गेलं ना, आणि मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून फायरबॉक्स, बॉयलर ऐकत आले पण आत नेमकं काय असतं ते कधी बघितलं नव्हतं. इथे एक अख्खं इंजिन एका बाजूने कापून ठेवलंय! एलरमन लाइन्स नाव आहे त्याचं. कोळसा जळतो त्या फायरबॉक्सपासून पुढे बॉयलरमधून जाणाऱ्या बारक्या बारक्या नळ्यांची रांगच्या रांग दिसते, त्यातून गरम धूर जाणार, भोवतीचं पाणी उकळणार, वाफ सिलिंडरमध्ये, मग पिस्टन, मग चाकं. सगळं एका नजरेत. मी अर्धा तास तिथून हललेच नाही, समीर दोनदा पुढे जाऊन परत आला.

मॅलार्ड पण बघितलं. निळंशार, पुढून उतरतं, इतकं देखणं इंजिन मी आजवर बघितलं नाही. ३ जुलै १९३८ ला हे ताशी १२६ मैल पळालं, म्हणजे २०० किलोमीटरच्या वर, आणि वाफेच्या इंजिनाचा तो रेकॉर्ड अजून कुणी मोडला नाहीये. त्या धावेत मधल्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग इतकं तापलं की पुढे ते हळूहळू चालवत न्यावं लागलं. ड्रायव्हर होते जो डडिंग्टन आणि फायरमन टॉमी ब्रे. मला बरं वाटलं की इथे ड्रायव्हरबरोबर फायरमनचंही नाव घेतात, कारण तेवढा वेग टिकवायचा म्हणजे कोळसा मारणाऱ्याचे हात किती चालले असतील! आजोबांचे खांदे आठवतात मला.

आणि हे ऐका, तिथे एक अवाढव्य चिनी इंजिन आहे, इंग्लंडमध्येच व्हल्कन फाउंड्री नावाच्या कारखान्यात १९३५ साली बनलेलं, नंतर चीनने ते परत भेट दिलं. तर आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तिची इंजिनं पण ह्याच व्हल्कन फाउंड्रीतली! तिथे एक म्हातारे व्हॉलंटियर काका होते, आम्ही भारतातले म्हटल्यावर ते थेट गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावरच आले, तुमची साडेपाच फुटी ना, आमची चार फूट साडेआठ इंची, आणि मग ते आणि समीर असे काही रंगले की मला कॉफी एकटीलाच घ्यावी लागली.

आता आई तुझं. सकाळी आधी मिन्स्टरला गेलो होतो, म्हणजे तिथलं मोठं चर्च, १२२० ला आत्ताचं बांधकाम सुरू झालं आणि १४७२ पर्यंत चाललं. पूर्वेची काचेची खिडकी टेनिस कोर्टाएवढी आहे. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ मध्ये केली, वर जगाची उत्पत्ती आणि खाली जगाचा शेवट, सगळं रंगीत काचेत. त्याला सगळे मिळून ५६ पौंड मिळाले, त्यातले १० वेळेत काम पूर्ण केल्याबद्दल.

पण मला तुझ्यासाठी दुसरंच सांगायचंय. १९८४ च्या जुलैमध्ये तिथे आग लागली, बहुतेक वीज पडून, आणि दक्षिणेकडचं अख्खं छत कोसळलं. तिथली गोल रोझ विंडो तडकली, चाळीस हजार तडे, पण पडली नाही! मग नवीन छत करताना लाकडाचे कोरीव गोल असतात ना वर सांध्यावर, त्यातल्या सहांसाठी टीव्हीवरच्या ब्लू पीटर ह्या मुलांच्या कार्यक्रमाने चित्रांची स्पर्धा ठेवली. जिंकलेल्या मुलांची चित्रं खरोखर कोरून छतात बसवली आहेत, एकात चंद्रावरचा माणूस, एकात देवमासे वाचवा. मान मागे टाकून मी शोधत होते तेव्हा तुझ्या शाळेतल्या भिंतीवरचे चित्रांचे तक्तेच डोळ्यांपुढे आले. साताठशे वर्षं जुन्या वास्तूत मुलांच्या हातच्या चित्राला कायमची जागा दिली, मला हे फार आवडलं. तुझ्या मुलांना नक्की सांग.

दुपारी डबाच खाल्ला, थालीपीठ आणि लोणचं, मिन्स्टरच्या बाहेरच्या बाकावर. तिथेच रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनचा पुतळा आहे, ३०६ साली त्याला सैन्याने यॉर्कमध्येच सम्राट म्हणून जाहीर केलं. शॅम्बल्स नावाची खाटकांची जुनी गल्ली पण बघितली, वरचे मजले एकमेकांकडे झुकलेले, पण गर्दी इतकी की लगेच निघालो.

त्यापेक्षा तटावरून चाललो ते खूप छान. गावाभोवती साडेतीन किलोमीटरच्या आसपास तटबंदी उभी आहे, वर चढून कुणीही चालावं, आणि खाली उतारावर पिवळे डॅफोडिल्स नुसते फुललेत. १८०० साली तिथल्या कॉर्पोरेशनलाच हा तट पाडायचा होता! लोकांनी विरोध केला, विल्यम एटी नावाचा चित्रकार त्यात पुढे होता, तरी काही भाग गेलाच. रेल्वे आली तेव्हा पण जुनं स्टेशन तटाच्या आत होतं म्हणून रुळांसाठी तटात कमानी पाडल्या, त्या अजून दिसतात. आपल्या किल्ल्यांचे ढासळलेले बुरुज आठवून मला सारखं वाटत होतं की गावातली चार माणसं हट्टाने उभी राहिली तर किती काय वाचतं.

बरं, आईचा पासपोर्ट संपत आलाय, तो आधी रिन्यूला टाका, म्हणजे व्हिसाचं बघता येईल. बाबांचे गुडघे बघता तटावर थोडंच चालू, म्युझियम मात्र सगळं सपाट आहे. आणि बाबा, आजोबा कुठल्या इंजिनावर होते, पॅसेंजर गाडीच्या डब्ल्यूपी की मालगाडीच्या डब्ल्यूजी? जुना फोटो असेल तर ताईला स्कॅन करून पाठवायला सांगा, त्या काकांनी समीरला ईमेल दिलाय आणि ते वाट बघतायत.

तुमची,
मनू