हाताला कळतं ते कागदावर: शिरोलीच्या मिस्त्रींना आभारपत्र

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

टेक्निकल कम्युनिकेशनच्या वर्गात ‘रिसर्च करा’ म्हटलं की इंजिनिअरिंगच्या पोरांचे हात आधी मोबाईलकडे जातात. शिरोली एमआयडीसीतल्या तुमच्या मोल्डिंग शॉपमध्ये, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे बनतात तिथे, तुम्ही त्यांना उभं राहू दिलंत, याबद्दल मनापासून आभार. इतर कॉलेजांतल्या शिक्षकांनाही उपयोग व्हावा म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय.

काम एका पानाचं होतं. नव्या हेल्परसाठी वाळूची ओल तपासण्याचं सूचनापत्रक. ग्रीन सँडला (साच्यासाठीची चिकणमाती-पाणी मिसळलेली वाळू) ३ ते ४ टक्के ओल, हा आकडा नेटवर लगेच सापडतो. तो खोटा नाही. पण बेंटोनाइट (वाळू बांधून धरणारी चिकणमाती) किती, वाळू किती बारीक, मोल्डिंग हाताने की मशिनवर, यावर तो सरकतो. म्हणून आकड्याशेजारी ‘कोणत्या वाळूसाठी, कुणी मोजला’ हा रकाना सक्तीचा. तो रिकामा असेल तर आकडा पत्रकात जात नाही.

खरी गोची मुलाखतीत होते. “पाणी जास्त झालं की ब्लो होल येतात ना?” (ब्लो होल म्हणजे ओतीव भागात वायूमुळे पडणारी पोकळी) असं विचारलं की समोरचा “हो” म्हणतो आणि पोरं तोच निष्कर्ष लिहून मोकळी. “वाळू बरोबर आहे हे कसं ओळखता?” याला उत्तर मिळतं, “हाताला कळतं.” बहुतेक मुलाखती इथेच संपतात. तुम्ही मात्र मिक्सरमधली मूठभर वाळू दाबलीत, गोळा मधोमध मोडलात आणि कडा पुढे धरल्यात. कडा धारदार राहिल्या तर ठीक, भुगा झाला तर कोरडी, तळव्याला चिकटली तर ओली. पत्रकातल्या तीन ओळी तिथेच मिळाल्या. “सांगता का” पेक्षा “दाखवता का” विचारावं. आणि मागचा साचा बिघडला तेव्हा आधी काय झालं, मग काय झालं, हे क्रमाने विचारावं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली मांडलेली ‘क्रिटिकल इन्सिडंट’ (घडलेल्या नेमक्या प्रसंगावरून माहिती काढण्याची) पद्धत याच धर्तीची आहे.

हाताचा अंदाज लॅबशी ताडून पाहायला तुम्ही परवानगी दिलीत, हे तर फारच मोलाचं. ५० ग्रॅम वाळू १०५ ते ११० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची, १.८ ग्रॅम घटली तर ओल ३.६ टक्के. मेख नमुन्यात असते. मुठीतली वाळू एका जागची आणि डब्यातली दुसऱ्या जागची असली की तुलना बाद. डबा उघडा ठेवून लॅबपर्यंत नेला तर वाटेतच ओल उडते, गरम वाळूची तर लवकरच. एकाच फावड्यातली वाळू, झाकणाचा डबा, वर वेळ लिहिलेली चिठ्ठी. एवढं पाळलं की बरेच वाद मिटतात.

नंतर कच्चं पत्रक पाच नव्या हेल्परांच्या हातात दिलं. पोरांनी तोंड बंद ठेवायचं आणि हात कुठे थांबतो तेवढंच टिपायचं. विद्यार्थ्यांना हेच सगळ्यात जड जातं. हेल्पर अडखळला की मदतीला धावतात आणि चाचणी वाया जाते. पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात हे वापरसुलभतेचे (युजेबिलिटीचे) तज्ज्ञ याकोब निल्सन यांचं गणित एक माणूस सरासरी ३१ टक्के दोष दाखवतो असं धरून केलेलं आहे. त्यामुळे पाचांवरून चुका शोधाव्यात. पाचांपैकी चौघांना जमलं म्हणून ‘८० टक्के यश’ असं अहवालात लिहू नये.

ओतकाम चालू असताना प्रश्न विचारायचा नाही आणि परवानगीशिवाय कुणाचा फोटो किंवा नाव घ्यायचं नाही, हे दोन नियम तुम्ही पहिल्याच दिवशी घातलेत. आता ते आमच्या असाइनमेंटच्या पहिल्या पानावर आहेत.

सुधारलेली प्रत सोबत जोडली आहे. ती ऑफिसात नको, मिक्सरशेजारी लावावी. वाळूच्या हाताने पुसली जाईल म्हणून लॅमिनेट केली आहे. बेंटोनाइट बदललं तर ओलीचा आकडा पुन्हा तपासावा लागेल, त्यासाठी ती जागा मार्करने लिहिता येईल अशी कोरी ठेवली आहे.

आपले,
टेक्निकल कम्युनिकेशनचे शिक्षक, कोल्हापूर