खाली बसलेली गाडी बिघडलेली नसते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या विदेशी गाड्यांवरचा लेख मी दोनदा वाचला. त्यात हायड्रॉलिक सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंगांऐवजी तेलाच्या दाबावर तोलल्या जाणाऱ्या, फ्रेंच गाड्यांना एकच परिच्छेद मिळाला आहे. त्याचा सूर असा, की या गाड्या दिसायला देखण्या पण सांभाळणं अशक्य, रात्री उभ्या केल्या की सकाळी जमिनीला टेकलेल्या सापडतात, तेव्हा शहाण्यानं ते सगळं काढून साध्या स्प्रिंगा बसवून घ्याव्यात. माझ्याकडे त्याच जातीची, सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची १९८९ सालची बीएक्स आहे. २००४ पासून मी ती चालवते आणि तिची बरीचशी कामं स्वतः करते. म्हणून हे पत्र.

आधी खाली बसण्याविषयी. इंजिन बंद झालं की तेल दाबणारा पंप थांबतो आणि दाबाखालचं तेल झडपांच्या अतिसूक्ष्म फटींतून हळूहळू तेलाच्या टाकीकडे परततं. गाडी उतरते ती त्यामुळे. सकाळी इंजिन सुरू केलं की माझी बीएक्स आधी मागून उठते, मग पुढून, आणि निघायला तयार होते. माझी गाडी पुरती बसायला काही तास लागतात. दहा मिनिटांत बसली असती, तर मी गळती शोधली असती. सिट्रोएनच्याच पुढच्या काळातल्या झान्तिया आणि एक्सएम गाड्यांत हे उतरणं रोखणाऱ्या झडपा आल्या, पण त्यांच्या आधीच्या गाड्यांचं बसणं हा दोष नाही.

या गाडीत प्रत्येक चाकासाठी ओंजळीत मावेल एवढा एक पोलादी गोळा असतो. आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला दाबून भरलेला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल. चाक वर आलं की तेल नायट्रोजनला दाबतं. म्हणजे स्प्रिंगचं काम वायू करतो आणि शॉकॲब्सॉर्बरचं काम गोळ्याच्या तोंडाशी असलेली छोटी झडप. मागे चार पोती ठेवली तरी गाडी वाकत नाही, कारण उंची राखणारी झडप आणखी तेल सोडून तिला पुन्हा समपातळीत आणते. शिवाय बीएक्समध्ये मागच्या ब्रेकचा दाब मागच्या सस्पेन्शनमधूनच घेतलेला आहे. ओझं वाढलं की मागचे ब्रेक आपोआप तेवढे जोरात लागतात. हे ज्यानं सुचवलं त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. या सस्पेन्शनचा जनक पॉल माझेस हा रीतसर अभियांत्रिकी न शिकलेला माणूस होता. १९५४ साली ते आधी सिट्रोएनच्या जुन्या ट्रॅक्सिओन या गाडीच्या फक्त मागच्या चाकांना बसवलं गेलं आणि १९५५च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या डीएस या नव्या गाडीच्या चारही चाकांना.

मी निवृत्त परिचारिका आहे. नाडी मोजण्यात माझं आयुष्य गेलं, आणि या गाडीलाही नाडी आहे. इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली की बॉनेटखालून अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो. पंपाचा दाब साधारण १४५ बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) उतरला की रेग्युलेटर, म्हणजे दाब ताब्यात ठेवणारा भाग, पुन्हा दाब भरू लागतो आणि १७०च्या आसपास थांबवतो, त्याचा तो आवाज. रेग्युलेटरवर दाब साठवणारा आणखी एक गोळा असतो. तो निरोगी असताना माझ्या गाडीत दोन टक्‌मध्ये चाळीसेक सेकंद जातात. दर महिन्याला मी मनगटावरच्या घड्याळावर ते मोजते आणि वहीत लिहिते. चाळिसाचे तीस झाले की नवा गोळा मागवायचा. दर चार-पाच सेकंदांनी टक्‌टक् होऊ लागली, तर त्या गोळ्यातला वायू संपला आहे आणि पंप बिचारा धापा टाकतो आहे. इंजिन बंद पडलं तर ब्रेकसाठीचा साठाही याच गोळ्यात असतो, त्यामुळे इथे चालढकल करू नये. इतक्या स्पष्टपणे आधी सांगणारी गाडी मी दुसरी पाहिलेली नाही.

चाकांचे गोळे मात्र गुपचूप मरतात. नायट्रोजन पडद्यातून वर्षानुवर्षं थोडा थोडा निसटतो, गाडी हळूहळू कडक होत जाते आणि रोज बसणाऱ्याला ते कळतच नाही. मलाही कळलं नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं मी खड्ड्यांत आदळत राहिले, रस्त्यांना बोल लावत. शेवटी चारही गोळे बदलले आणि त्याच रस्त्यावरून घरी येताना डोळ्यांत पाणी आलं. आता मी इंजिन चालू ठेवून मागचं अंग हातानं दाबून बघते. सहज खाली-वर झालं पाहिजे. बदलणंही आवाक्यातलं आहे. गाडीची उंची कमी-जास्त करणारी दांडी खाली करायची, रेग्युलेटरचा स्क्रू एक आटा सैल करून दाब सोडायचा, पट्ट्याच्या पान्यानं जुना गोळा सोडवायचा, नवी सीलची रिंग हिरव्या तेलात बुडवून बसवायची आणि नवा गोळा फक्त हातानं घट्ट करायचा. पाना लावून आवळणारे पुढच्या वेळी रडतात.

आता तेल. हे हिरवं खनिज तेल आहे, एलएचएम नावाचं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते आलं. त्याआधीचं तांबडं तेल हवेतलं पाणी शोषायचं आणि आतून गंज चढवायचं. हिरव्या तेलावर चालणारे भाग ओळखू यावेत म्हणून हिरवे रंगवलेले असतात. तरीही एका गॅरेजमध्ये एका मुलानं, मदत करायच्या चांगल्या हेतूनं, माझ्या टाकीत साधं ब्रेक ऑइल ओतलं. मला चार दिवसांनी कळलं, पंपाखाली थेंब दिसले तेव्हा. ब्रेक ऑइलनं सील फुगले, एकामागून एक गळू लागले. संपूर्ण तेल काढून, सगळं धुऊन, पंपापासून मागच्या सिलिंडरपर्यंत रबराचा प्रत्येक तुकडा बदलावा लागला. गाडी चार महिने उभी होती. तो मुलगा चुकला, पण त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही झाकणाजवळ उभी राहिले नव्हते. एरवी या तेलाचं मागणं फार नाही: ६०,००० किलोमीटरला ते बदलावं आणि टाकीतल्या दोन जाळ्या धुवाव्यात.

स्प्रिंगा बसवण्याच्या सल्ल्याला माझा सर्वांत मोठा विरोध आहे. लेखकानं एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही: या गाडीचे ब्रेक त्याच पंपावर चालतात. सस्पेन्शन काढलं तरी पंप, रेग्युलेटर, साठ्याचा गोळा आणि हिरवं तेल ठेवावंच लागतं, नाहीतर ब्रेकची सगळी रचनाच नव्यानं उभी करावी लागते. म्हणजे सांभाळायचं बहुतेक सगळं तसंच राहतं आणि ज्यासाठी सांभाळायचं तेवढंच जातं. २०१७ साली सी५ ही गाडी बंद झाली तेव्हा ही रचना सिट्रोएननं स्वतःच थांबवली. आहेत तेवढ्याच गाड्या उरल्या आहेत.

शेवटी एक निकडीची विनंती. लेखासोबतच्या छायाचित्रात एक गृहस्थ सर्वांत वरच्या उंचीवर ठेवलेल्या गाडीखाली आडवे झालेले दिसतात. जॅक नाही, स्टँड नाही. ती उंची केवळ तेलाच्या दाबावर उभी असते. एखादी जुनी नळी फुटली, तर गाडी माणसाच्या छातीवर येईल. चिरडलेल्या बरगड्यांचे रुग्ण मी वॉर्डात पाहिले आहेत. कृपया पुढच्याच पुरवणीत ठळक छापा, की चारही बाजूंना भक्कम स्टँड लावल्याशिवाय या गाडीखाली कुणीही जाऊ नये, आणि टाकीत हिरव्या तेलाखेरीज काहीही ओतू नये. जागा कमी असेल तर माझं बाकीचं पत्र गाळलंत तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका